बाळाच्या आईचं नाव

पाचव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, हे आपल्याकडे सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. तिच्यासाठी पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. ती काय लिहिते ते कुणाला वाचता येत नाही, आणि त्यातच माणसांचं भलं होतं. जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या नवजात कक्षात मात्र गेली तीन वर्षं सटवाई दुपारी बाराच्या सुमाराला यायची आणि छापील अक्षरात लिहून जायची.

सरकारी पत्रांत त्या यंत्राचं नाव ‘नवजात मेंदू पूर्वानुमान प्रणाली’ असं लांबलचक होतं. कक्षाची इन्चार्ज सिस्टर उज्ज्वला मुळीक त्याला टोपडं म्हणायची, कारण बाळाच्या डोक्यावर चढवायचा भाग आजीने शिवलेल्या टोपड्यासारखाच दिसायचा. पाचव्या दिवशी त्यातून निघणाऱ्या कागदाला ‘सटवाईचा कागद’ हे नावही तिनेच पाडलेलं. पहिल्या वर्षी त्याचं सगळ्यांना हसू यायचं. पुढे कुणी हसेना, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

सोमवारी सकाळी साडेअकराला घाटावरच्या ग्रामीण रुग्णालयातून अँब्युलन्स आली. मुलगी होती, पावणेतीन किलोची. नाळेचे दोन वेढे गळ्याला बसलेले. ऐन वेळी बाळाचे ठोके मंदावले म्हणून सिझर केलं, पण बाळ रडलं नाही. दहा मिनिटं पिशवी दाबून श्वास दिला तेव्हा कुठे तिने स्वतःचा पहिला श्वास घेतला. जन्मून साडेतीन तास झाले होते. आई टाके घालून तिकडेच होती आणि बाप पुण्याहून वाटेत होता. बरोबर फक्त आईची आई, छायाबाई नलवडे, हातात दुपटं घेऊन उभ्या. चिठ्ठीवर घाईत ‘पिसाळ यांचे बाळ’ एवढंच लिहिलेलं.

“बाळाच्या आईचं नाव?” उज्ज्वलाने विचारलं. तिचे डोळे बाळावर होते आणि एक हात संगणकाच्या पडद्यावर.

“वैष्णवी. वैष्णवी पिसाळ.”

“गाव?”

“सासर व्हय? वाघजाईवाडी.”

पडद्यावर लगेच ओळ उमटली: वैष्णवी पिसाळ, वाघजाईवाडी, वय सत्तावीस. खाली प्रश्न, ‘हीच का?’ आणि दोन चौकोन. एकात ‘हीच’, दुसऱ्यात ‘दुसरी’. ‘दुसरी’ दाबलं की सतरा रकाने भरावे लागत. इकडे बाळाचे ओठ अजून निळे होते आणि घड्याळ पळत होतं. उज्ज्वलाने ‘हीच’ दाबलं. तिच्या जागी कुणीही तेच केलं असतं.

घड्याळाचं असं होतं. प्राणवायू तुटला की मेंदूच्या पेशी एकदम मरत नाहीत. पहिला फटका बसतो तेव्हा काही जातात. मग श्वास सुरू होतो, अंगावर रंग येतो, नातेवाइकांना हायसं वाटतं. आणि साधारण सहा तासांनी दुसरा फटका येतो. त्यात पहिल्या वेळी वाचलेल्या पेशी आतल्या आत विझत जातात. मधल्या वेळात बाळाचं अंग साडेतेहतीस अंशांपर्यंत गार केलं आणि तीन दिवस तसंच ठेवलं, तर हा दुसरा फटका पुष्कळ सौम्य होतो. हे ज्ञान जुनंच. उज्ज्वला नोकरीला लागली तेव्हापासून ती बाळांना गार गादीवर ठेवत आली होती, आणि प्रत्येक वेळी एखादी आजी तिला विचारायची की लेकराला थंडी कशाला गं वाजवतेस.

टोपड्याने मेंदूतल्या विजेचे बारीक तरंग टिपले जात. सगळ्या दिवसाची नोंद दाबून दाबून पडद्यावर हातभर पट्ट्यात मावायची. पट्टाही जुनाच होता, पण पूर्वी तो वाचायला माणूस लागे. बऱ्या बाळाचा पट्टा गाढ झोपेत रुंद होतो आणि जाग आली की अरुंद. मार बसलेल्या मेंदूचा पट्टा तळाशी सपाट पडून राहतो. नवी गोष्ट एवढीच, की या यंत्राच्या पोटात लाखभर बाळांचे पट्टे होते, आणि ती मुलं दहा वर्षांची होईपर्यंत कशी चालली, बोलली, शिकली, तेही होतं. नव्या बाळाचा पट्टा त्यांच्याशी ताडून ते एक आकडा सांगायचं. अशा शंभर बाळांतली इतकी बाळं दहाव्या वर्षी स्वतःच्या पायांनी शाळेत जातील, असा त्याचा अर्थ.

यंत्र आणखी एक गोष्ट बघायचं. काही बाळं प्राणवायू कमी पडल्यामुळे नाही, तर रक्तातल्या जन्मजात दोषामुळे अशी मलूल जन्मतात. वरून फरक कळत नाही. पण एकाच आईची दोन बाळं अशी निघाली, की यंत्र त्या दोषाचा संशय धरायचं आणि आकडा खाली ओढायचं, कारण तशा बाळांना गारव्याचा काही उपयोग नसतो. म्हणून आईचं नाव लागायचं.

आकडा तीसच्या आत आला, की घरच्यांना बाळ घरी नेण्याची मुभा होती. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध पेशंट नेणं याला रुग्णालयात डामा म्हणतात. तीसच्या आत डॉक्टर सल्ला देतच नसत, मग विरुद्ध कशाच्या? तरी शब्द तोच राहिला. डामा घेतला, म्हणजे नळ्या काढून, दुपट्यात गुंडाळून बाळ नेलं. पुढचं कुणी विचारायचं नाही.

मंगळवारी बाळाला झटके आले, बुधवारी थांबले. बुधवारीच आईला अँब्युलन्सने आणून खालच्या मजल्यावर बाळंतिणींच्या वॉर्डात ठेवलं. गुरुवारी बाळाचं अंग हळूहळू ऊबेला आणलं. आणि गुरुवारी दुपारी उज्ज्वलाला पट्टा फुगताना दिसला. वीस मिनिटं रुंद, मग अरुंद, मग पुन्हा रुंद. तिने दोनदा चष्मा पुसला. पोरगी झोपत होती आणि उठत होती. तिला आतून इतका आनंद झाला की तिने बाळाच्या तळपायाला बोट लावून म्हटलं, “झोप गं बाई, झोप पोटभर.”

डॉ. तन्वीर मुजावर तरुण होते, हुशार होते, आणि आठ महिन्यांपूर्वीच इथे आले होते.

“सर, पट्टा फुगतोय,” तिने सांगितलं.

“चांगलंय. पण आकडा येऊ दे, सिस्टर.”

शुक्रवारी बाराला आकडा आला. चौदा. खाली एक ओळ होती: ‘आधीचे अपत्य बाधित. जन्मजात दोषाची शक्यता अधिक.’

उज्ज्वलाने कागद बघितला, पट्टा बघितला, पुन्हा कागद बघितला. चोवीस वर्षांची नोकरी आणि एक छापील ओळ यांत हल्ली ओळ जिंकायची. दोन-तीन वेळा तिने डोळ्यांवर विश्वास ठेवून आईबापांना धीर दिला होता आणि यंत्र खरं ठरलं होतं. तेव्हापासून ती गप्प बसायला शिकली होती. आताही ती गप्प बसली. ते चुकलंच तिचं.

डॉक्टरांनी घरच्यांना बोलावलं. बाप रणजित चार दिवस त्याच शर्टात होता. त्याची आई सुवर्णाबाई डोक्यावरचा पदर सारखा करत खुर्चीच्या कडेला टेकल्या.

“आधीचं बाळही असंच होतं ना?” डॉक्टरांनी हळू आवाजात विचारलं.

सुवर्णाबाईंनी मान हलवली. “व्हय डॉक्टर. दोन वर्सं झाली. हितंच व्हतं. तवा तुमी नव्हता.”

रणजितने मान खाली घातली. डॉक्टरांनी कागदावर खूण केली. डॉक्टरांना जे विचारायचं होतं ते त्यांनी विचारलं, सुवर्णाबाईंना जे सांगायचं होतं ते त्यांनी सांगितलं, आणि दोघंही खरं बोलत होते.

“चौदा म्हणजे वाचणारच नाही असं नाही,” डॉक्टर म्हणाले. “पण वाचलं तर कसं जगेल, ते सांगणं अवघड आहे.”

“मी सांगते की,” सुवर्णाबाई म्हणाल्या. “एक पाह्यलंय मी. चार म्हैने. दूध घातलं की ठसका, ठसका लागला की निळं पडायचं. रडायचंबी न्हाई वं, नुसतं बघायचं. त्येची आई त्या लेकराला मांडीवर घेऊन बसल्या बसल्या म्हातारी झाली. सत्तावीसची हाय ती.” त्यांनी डोळ्याला पदर लावला. “आमच्याच रक्तात हाय म्हणा की हे. एक झालं, आता दुसरंबी असंच. लेकराचं हाल नकोत आता. घरी न्हेतो.”

त्या बाईला दुष्ट म्हणावं असं काही तिच्यात नव्हतं. उज्ज्वलालाही ते पटलं. रणजितने अर्जावर सही केली आणि विचारलं, “हिला सांगायचं का?”

“घरी गेल्यावर सांगू,” सुवर्णाबाई म्हणाल्या.

बाळाच्या नळ्या काढायला अजून तासभर होता. उज्ज्वला रजिस्टर घेऊन बाहेर आली, तर दाराशी छायाबाई उभ्या. विहीणबाईंनी त्यांना आत बसू दिलं नव्हतं, आणि मुलीकडच्यांनी पुढे पुढे करू नये म्हणून त्याही बसल्या नव्हत्या.

“सिस्टर,” त्यांनी तिचा हात धरला. “न्हेयचं तिकडं न्हेवा बाळाला, मी कोण आडवणार? पर तिला एक डाव वर आणा. बाळाला हात तरी लावू दे. पहिलटकरीण पोर हाय वं माझी.”

“आणते मावशी,” म्हणत उज्ज्वला दोन पावलं पुढे गेली आणि थांबली. “काय म्हणालात? पहिलटकरीण?”

“मग? म्हणून तर माहेराला आणली व्हती बाळंतपणाला. पहिलं माहेरालाच करत्यात न्हवं?”

उज्ज्वलाने रजिस्टर काखेत मारलं. ती जिन्याने खाली गेली. लिफ्टची वाट बघायला तिचे पाय तयार नव्हते.

खालच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर पोरगी बसली होती, पोटाला पट्टा बांधलेला. फोनवर कुणीतरी काढून दिलेला बाळाचा फोटो बोटांनी मोठा करून बघत होती. खाटेच्या पाटीवर लिहिलं होतं, ईश्वरी रणजित पिसाळ.

“तुझं नाव काय गं?” उज्ज्वलाने विचारलं.

पोरीने वर बघितलं. “कुठलं सांगू?”

“म्हणजे?”

“आईकडचं वैष्णवी. सासरी ईश्वरी. थोरल्या जाऊबाई पण वैष्णवीच आहेत ना. एका घरात दोन कशा चालतील, म्हणून माझं लग्नात बदललं. आई अजून जुन्याच नावाने हाक मारते, तिला किती सांगितलं तरी.” मग तिचा आवाज खाली आला. “सिस्टर, माझं बाळ बरं आहे ना? मला कुणी नीट सांगतच नाही.”

घरात दोन वैष्णवी नकोत म्हणून एकीचं नाव पुसलं होतं, आणि सोमवारी एका बोटाने दोघी पुन्हा एक झाल्या होत्या. एका पोरीच्या अंगावर जावेचं मेलेलं बाळ लिहिलं गेलं होतं. आणि ते बोट उज्ज्वलाचं होतं. चार दिवस कागदोपत्री आईचं नाव लागत होतं, पण आईला ते कुणी विचारलं नव्हतं.

“तुला आत्ता वर नेते,” ती एवढंच म्हणाली. “आधी पाच मिनिटं दे मला.”

जिना चढताना तिच्या मनात नको ते आलं. यंत्राने चुकीची नोंद उचलली असं म्हणता येईल. घाटात नेटवर्क नव्हतं असं म्हणता येईल. दुरुस्ती होईल, बाळ राहील, आणि चोवीस वर्षांच्या नोकरीला डाग लागणार नाही. ती खुर्चीत बसली तेव्हाही तिने ठरवलेलं नव्हतं. पडद्यावर ‘दुरुस्तीचे कारण’ असा रकाना उघडला. कर्सर लुकलुकत राहिला. मग काचेपलीकडे सुवर्णाबाई दुपट्याची घडी मोडताना दिसल्या, आणि तिने लिहिलं: ‘आईची ओळख खात्री न करता नोंदवली. उज्ज्वला मुळीक.’

नवा आकडा यायला चाळीस मिनिटं लागणार होती. तेवढी वाट न बघता ती आत गेली आणि सर्वांसमोर म्हणाली, “बाळ न्यायचं नाही. कागद चुकला आहे. चूक माझी आहे.”

डॉक्टर उभे राहिले. रणजितला काही कळलं नाही. तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं, दोन वैष्णवी, दोन चौकोन, ‘हीच’.

“म्हंजे तो कागद कुणाचा हाय?” सुवर्णाबाईंनी विचारलं.

“पट्टा या बाळाचा. आणि त्यात तुमच्या थोरल्या सुनेचं बाळ मिसळलेलं.”

डॉक्टर कागदाकडे बघत राहिले. “मी विचारलं होतं यांना,” ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “आधीचं बाळ असंच होतं का, विचारलं होतं. कुणाचं ते विचारलं नाही.”

नवा कागद आला. एकसष्ट.

“एकसष्ट म्हणजे पास का?” रणजितने विचारलं. चार दिवसांत त्याचा आवाज पहिल्यांदाच वर आला होता.

“बाळाला ठेवण्याइतकं नक्की,” डॉक्टर म्हणाले. “हमी मात्र नाही. शंभरातल्या एकोणचाळिसांना अडचण येतेच.”

सुवर्णाबाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. “मगाशी चौदा, आता एकसष्ट. उद्या काय निघंल?” हा प्रश्न त्यांनी रागाने विचारला नव्हता. रणजितने सही केलेला अर्ज उचलला, घडी घातली आणि खिशात ठेवला. त्याने तो फाडला नाही, हे उज्ज्वलाने बघितलं.

धाकटीला चाकाच्या खुर्चीतून वर आणलं. मला आकडा सांगू नका, असं तिनेच सांगितलं. तिने बाळाच्या मुठीत बोट दिलं आणि बाळाने ते धरलं. सगळी बाळं धरतात, पण तिला ते सांगायला कुणी गेलं नाही. छायाबाई एकदाच्या आत येऊन लेकीच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

चारच्या सुमाराला थोरली आली. वाघजाईवाडीहून एस.टी.ने, एका पिशवीत पाचवीचं सामान घेऊन: हळदकुंकू, सुपारी, कोरा कागद, पेन. घरी कळवलं होतं की बाळ आणतोय, येऊ नको. तरी ती आली होती. “घरी आलं तर घरी पुजू, हितं असंल तर हितं,” ती दारातच म्हणाली. तिचे केस कानापाशी पांढरे झाले होते. जावेच्या खांद्यावर हात ठेवून तिने बराच वेळ बाळाला बघितलं आणि पाचवी कुठे पुजू ते विचारायला उज्ज्वलाच्या टेबलाशी आली.

टेबलावर चौदाचा कागद पडला होता. उज्ज्वलाने तो उचलायच्या आत थोरलीची नजर गेली. ती वाचत राहिली.

“ही वळ माझ्याबी कागदावर व्हती,” ती म्हणाली.

“कुठली?”

“ही. आधीचे अपत्य बाधित. मी इचारलं व्हतं तवाच्या डॉक्टरांना. म्हणाले, मशीनची भाषा असती ती, तुमी मनावर घेऊ नका. तिसऱ्या दिशी गारवा काढला आन् पाचव्या दिशी आमी घरी न्हेलं.” तिने कागद खाली ठेवला. “सिस्टर, माझंबी पहिलंच व्हतं.”

वाघजाईवाडीत निम्मी घरं पिसाळांची. त्या वयाच्या मुलींत दर दहातली एक वैष्णवी. दोन वर्षांपूर्वीही या टेबलावर उज्ज्वलाच होती. त्या दिवशी बाळाबरोबर कोण आलं होतं ते तिला आठवेना, अँब्युलन्स आठवेना, ‘हीच’ दाबलेलं आठवेना. आठवण्यासारखं त्यात काही नव्हतंच, रोजचंच होतं ते. आता मात्र तिला डामाच्या जाड पुठ्ठ्याच्या रजिस्टरचं पान समोर दिसायला लागलं, आणि त्यावरची एकाखाली एक नावं.

थोरलीने पिशवीतून सटवाईचा कोरा कागद काढला, टेबलावर ठेवला, वर पेन ठेवलं.

“मशीनला नगा इचारू,” ती म्हणाली. “मला इचारा.”

उज्ज्वलाने तिला बसायला खुर्ची ओढून दिली. मग पेन उचललं, कागदाच्या डोक्यावर ‘बाळाच्या आईचं नाव’ असं लिहिलं, आणि या वेळी तिच्या तोंडाकडे बघून विचारलं.